आम्हाला टूजी चालेल, पण वावरात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ५जीवरचा लेख वाचला. दोनदा वाचला. नागपूरचा डॉक्टर तिथूनच मेळघाटातल्या पेशंटचं ऑपरेशन करणार, ड्रोन फवारणी करणार, कास्तकार ओट्यावर बसून मोटर चालू-बंद करणार. लेखकमहाशयांनी लिहिलंय झकास. वर्ध्याच्या पुढे ते कधी आले होते का, एवढीच शंका आहे.

१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत ५जी सुरू झालं, ते मी टीव्हीवर पाहिलं. खोटं कशाला बोलू, आमच्या फोनच्या कोपऱ्यातही आता ही अक्षरं उमटतात. एसटीच्या थांब्यावर उमटतात, ग्रामपंचायतीसमोर उमटतात. माझं वावर तिथून अडीच किलोमीटर, मध्ये टेकाड. ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर हा वेग मिळतो त्या लांब जातच नाहीत, असं भाचा सांगतो. तो पुण्याला याच धंद्यात आहे. शहरात चौकाचौकात टॉवर, म्हणून तिकडे निभतं. आमच्याकडे टॉवर एक, आणि लाईन गेली की थोड्या वेळाने तोही झोपतो.

आता माझी हकिगत ऐका. ई-पीक पाहणी, म्हणजे वावरात कोणतं पीक उभं आहे त्याची फोनवरून सातबारावर नोंद, २०२१ पासून कास्तकारानेच करायची. फोटो वावरात उभं राहूनच काढायचा, आणि ॲप उघडायला कोड लागतो. वावरात टॉवर नाही म्हणून कोड येईना. टेकाडावर चढलो, कोड आला. खाली पऱ्हाटीत उतरेपर्यंत त्याची मुदत संपली. असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी पोराला टेकाडावर उभं केलं, फोन त्याच्याकडे. तो वरून आकडे ओरडणार, मी खाली धुऱ्यावरून दुसऱ्या फोनात टाकणार. निम्मे आकडे वाऱ्याने नेले. शेजारच्या धुऱ्यावरचे हसून हसून बेजार. नोंदीची मुदत गेली. राहिलेल्यांची नोंद करायला जो कोणी आला, तो माझ्या कपाशीच्या जागी सोयाबीन लिहून गेला. ती दुरुस्ती अजून चालूच आहे.

सातबारावर कपाशी नाही, म्हणून खरेदी केंद्रावर माझा कापूस नाही. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. मला खाजगीत ६,९०० ने २२ क्विंटल द्यावा लागला. म्हणजे २६,६२० रुपयांचा तो कोड. ऑपरेशन राहू द्या बाप्पा!

आणि तो कोड म्हणजे साधा मेसेज. त्याला ५जी लागत नाही, ४जीही लागत नाही, वीस वर्षांपूर्वीच्या टूजीवरही तो येत होता. वेगाचं आम्हाला वावडं नाही. नातू गेम खेळतो, त्याला तो हवाच आहे. पण सगळ्या योजना फोनवर नेऊन ठेवल्या, तर तो फोन जिथे पीक उभं आहे तिथे लागला पाहिजे, एवढं तरी लेखात एका ओळीने यायला हवं होतं. सरकारने न पोचलेल्या गावांसाठी २०२२ मध्येच ४जीची योजना मंजूर केली आहे. आमचं गाव त्यात बसत नसावं, कारण कागदोपत्री आम्ही 'पोचलेले' आहोत. थांब्यावर रेंज आहे ना!

रिचार्जचं तर बोलूच नये. २८ दिवसांचा महिना कोणत्या पंचांगात आहे? वर्षाला तेरा रिचार्ज होतात, आणि टॉवर बंद होता ते दिवस कोणी वळते करून देत नाही.

जाता जाता एक. आपली शेतीची पुरवणी दोन महिने झाले आमच्याकडच्या गठ्ठ्यात येत नाही, पैसे मात्र पूर्ण घेतात. एजंट म्हणतो, मोबाईलवर वाचा. ती कृपया एसटीनेच पाठवावी.

आपला,
एक कास्तकार वाचक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ