न्याहारी कच्ची चालेल, दूध नको

पुणे, ११ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, सकाळी गॅस पेटवायचाच नाही, सगळं कच्चं खायचं, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. आई मागे गप्पच होती. तिला काळजी वाटते आणि मलाही, म्हणून सविस्तर लिहिते.

न्याहारीपुरतं कच्चं खायला माझी ना नाही. दुपारची भाकरी-आमटी मात्र सोडू नका. तुम्ही गांधीजींचा दाखला दिलात. त्यांनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला खरा, पण प्रकृतीला मानवेना म्हणून तो थांबवलाही.

आई, यातलं निम्मं तुला येतंच. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तू आंबेडाळ करतेस ना? भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, कैरी किसून घालायची. विस्तवाचा संबंध फोडणीपुरता. आपल्या पलीकडे कर्नाटकात रामनवमीला मुगाच्या डाळीची कोसंबरी करतात, ती तर रोजच्या न्याहारीला उत्तम. मुगाची डाळ दोन तास भिजव. दाणा नखाने सहज तुटला की पाणी पूर्ण निथळून घे. त्यात काकडी चोचवून, ओलं खोबरं, कोथिंबीर, चेचलेलं आलं-मिरची आणि लिंबू. मीठ अगदी पानात घेताना, नाहीतर काकडीला पाणी सुटून सगळं पचपचीत होतं. बाबांना फोडणीशिवाय जात नाही. तर जिरं खलात जाडसर कुटून घाण्याच्या कच्च्या शेंगतेलात कालव आणि वरून घाल. लिंबू विसरू नकोस, डाळीतलं लोह त्यामुळे अंगी लागतं.

कच्चं खाणारे लोक साधारण ४६ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर काही तापवत नाहीत. त्या हिशेबाने पोहेसुद्धा कच्चे ठरत नाहीत, कारण भात भिजवून, भाजून मग चेपलेला असतो. दहीही तापवलेल्या दुधाचंच. तरी दडपे पोहे आणि दही बंद करू नका. तुमच्या वयात नियम पाळण्यापेक्षा ताकद टिकणं मोठं.

आता ज्यासाठी मुद्दाम पत्र लिहायला बसले ते. गोठ्यावरून आणलेलं धारोष्ण दूध प्यायचं तुमच्या मनात आहे. बाबा, हात जोडून सांगते, ते नको. न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, आणि जनावर वरून धडधाकट दिसतं म्हणून दूध निर्धोक असतंच असं नाही. तसाच राजमा आणि वाळलेला घेवडा. भिजवून, मोड आणूनही त्यातलं विष जात नाही. तो खळखळ उकळून पूर्ण शिजवायलाच हवा. मूग-मटकीचे मोड उबेत आणि ओलाव्यात येतात, जंतूंनाही तेच मानवतं. म्हणून ते वाफवूनच खा, कच्च्याच्या नियमात बसत नसलं तरी.

द्राक्षं सध्या भरपूर असतील. फवारणी असते, तेव्हा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. तासगावचे बेदाणे करताना द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, पिवळा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरीही देतात. म्हणून आधी धुऊन मग रात्रभर भिजत घाला. पण बाबा, तुम्हाला मधुमेह आहे, चार-पाच बेदाणे पुरे. फळाचा रस नको, फळच खा. पेरू चांगला, त्याच्याबरोबर भिजवलेले शेंगदाणे. जवस मात्र कुटून घ्या, अख्खं असलं तर तसंच बाहेर पडतं.

आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळ्या त्याच ठेवून खाणं एकदम हलकं केलं तर साखर उतरू शकते. कधी दरदरून घाम फुटला, हात थरथरले तर आधी तीन-चार लहान चमचे साखर तोंडात टाकायची, मग फोन. शिवाय वनस्पतींतून बी-१२ मिळत नाही, तेव्हा त्याचीही तपासणी करून घ्या.

शनिवारी मी येतेच आहे. बारीक किसणी घेऊन येते, बाबांच्या कवळीला गाजराचे तुकडे झेपायचे नाहीत. तोवर गोठेवाल्याला कच्च्या दुधाचं काही सांगू नका.

तुमची लेक