टाचेवर गोळीची पूड नको

ती. आई-बाबा,
सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर बाबांच्या टाचेवर पांढरा थर दिसला आणि आई म्हणाली, दुखायची गोळी लाटण्याने चुरून लावलीये, तूच म्हणालीस ना सुजेच्या जुन्या गोळ्यांनी जखमा भरतात म्हणून. मला रात्रभर झोप नाही. आई, तुझ्यावर रागावले नाहीये गं, दिवाळीत घाईघाईत अर्धवट सांगून निघाले ती मीच, म्हणून आज नीट लिहितेय.

जखमेला सूज येते ती आधी कामाचीच असते. पांढऱ्या पेशी येतात, जंतू आणि मेलेलं मांस साफ करतात, मग त्या आवरतं घेतात आणि नवी कातडी धरायला लागते. शुगरवाल्यांच्या पायात ही साफसफाई थांबतच नाही, आठवडेच्या आठवडे चालू राहते आणि त्यातली रसायनं नवीन धरलेलं मांसही खाऊन टाकतात. म्हणजे सूज मारून टाकायची नाहीये, वेळेवर आवरायचीये. स्टेरॉइडने सूज उतरते पण जखम भरायला उलट उशीर होतो, म्हणून कोणतं औषध, किती, कितव्या दिवशी, सगळंच बघावं लागतं.

माझं काम तिथेच आहे. न भरणाऱ्या जखमेत कुठली जनुकं (पेशीला काय करायचं ते सांगणारे जीन) जास्त चालतात आणि कुठली मंद पडतात याची एक यादी असते, आणि एखादं औषध पेशींवर टाकलं की काय बदलतं याची दुसरी. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २००६ मध्ये १६४ रसायनांच्या अशा याद्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या, आता तर हजारो आहेत. कॉम्प्युटर जखमेच्या यादीच्या बरोबर उलटी यादी असलेलं औषध शोधून देतो. जुनं औषध असलं की ते माणसाला किती झेपतं हे आधीच माहीत असतं, तेवढी वर्षं वाचतात.

पण बाबा, कॉम्प्युटर फक्त नाव सुचवतो. संधिवाताची बॅरिसिटिनिब कोविडवर चालेल असं फेब्रुवारी २०२० मध्ये असंच कॉम्प्युटरच्या मदतीने सुचलं, मग हजारो पेशंटवर ट्रायल झाल्या आणि अमेरिकेत पूर्ण मंजुरी मिळाली ती मे २०२२ मध्ये. तेही महामारीच्या घाईत! माझ्या यादीतली नावं तर अजून प्रयोगशाळेतल्या पेशींच्याही पुढे गेलेली नाहीत. आणि गोळीत नुसतं औषध नसतं, स्टार्च असतो, पावडरी असतात, ते उघड्या जखमेत जाऊन बसतं.

तेव्हा आई, आजच दवाखान्यात जाऊन जखम धुऊन ड्रेसिंग करून घ्या, आणि काय लावलं होतं ते डॉक्टरांना स्पष्ट सांग, लाजू नकोस. गोळीची स्ट्रिप सोबत ने. बाबा, टाचेवर भार देऊ नका, देवळात अनवाणी जाणं सध्या बंद. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, शुगरची वही काढून ठेवा. येताना पांढरे सुती मोजे आणते, पांढऱ्यावर पू-रक्ताचा डाग लगेच दिसतो.

तुमची,
ताई