विषय : काचबिंदूच्या थेंबांची बदललेली बाटली

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या आईला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती रोज रात्री तुमच्या कंपनीचे लॅटानोप्रोस्टचे थेंब घालते. औषधाबद्दल काहीच म्हणणे नाही, डोळ्यांचा दाब त्यानेच आटोक्यात आला. तक्रार आहे ती तुम्ही बदललेल्या बाटलीबद्दल.

आधीची बाटली मऊ होती. जरा दाबली की एकच थेंब पडायचा. नवी कडक आहे आणि आईच्या बोटांना संधिवात आहे. ती आडवी होते, खालची पापणी ओढून धरते, दुसऱ्या हाताने बाटली दाबत राहते. अंगठ्याचे नख पांढरे पडते तरी काही येत नाही. मग एकदम दोन-तीन थेंब पडतात आणि कानापर्यंत ओघळतात. "पडला का गं आत?" असे ती विचारते, आणि मलाही ठामपणे सांगता येत नाही.

डोळ्यात एका थेंबाहून जास्त औषध मावत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. 2.5 मिलिलिटरच्या बाटलीत, थेंब 30 मायक्रोलिटरचा धरला तर, 80 च्या वर थेंब होतात. दोन डोळ्यांना 28 दिवस 56 पुरतात. आमच्या लागोपाठ दोन बाटल्या एकोणिसाव्या दिवशीच संपल्या. दुसरी संपली ती रात्री, दुकाने बंद झाल्यावर, आणि आईचा थेंब चुकला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. त्या रात्री आम्हा दोघींना झोप लागली नाही.

आई सकाळी घालते ते टिमोलॉल, काचबिंदूचेच दुसरे थेंब, हेही तुमचेच, आणि त्यालाही लॅटानोप्रोस्टसारखेच पांढरे टोपण. चष्मा काढल्यावर आईला अक्षरे दिसत नाहीत, म्हणून मी एका बाटलीला लाल दोरा गुंडाळला आहे. टिमोलॉल डोळ्यातून नाकात उतरून रक्तात जाते. दम्याच्या रुग्णाला ते धोक्याचे असते. असे औषध टोपणाच्या रंगावरून ओळखू यायलाच हवे.

मऊ बाटली परत आणावी, टोपणांचे रंग वेगळे करावेत आणि लॅटानोप्रोस्टच्या लवकर संपलेल्या दोन बाटल्या बदलून द्याव्यात. उत्तर लेखी हवे. रिकाम्या बाटल्या खोक्यांसकट जपून ठेवल्या आहेत, तपासणीसाठी मागवल्यास लगेच पाठवते.

आपली,
एका रुग्णाची मुलगी