संग्रहालयात मुलांना थांबू द्या

महोदय,

सहलींचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात शाळकरी मुलांच्या रांगा दिसू लागतात. मात्र ‘हात लावू नका, पुढे चला’ एवढेच ऐकून ती रांग काही मिनिटांत बाहेर पडते, याची खंत वाटते.

पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटीशी ब्राँझमूर्ती याच संग्रहालयाची ठेव आहे. सातवाहन काळात रोमन जगाशी व्यापार चालत असे, हे वाक्य मुले पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि विसरतात. पण समुद्रापासून दूर, घाटमाथ्यापलीकडच्या आपल्याच गावात ही देवता कोणत्या बंदरातून, कोणत्या घाटाने आली असेल, तिच्या उंचावलेल्या हातात कोणते आयुध असेल, हे प्रश्न मूर्तीसमोर निवांत उभ्या राहिलेल्या मुलाला आपसूक पडतात. इतिहासाची खरी गोडी तिथेच लागते. (१८७६ साली पूर्ण झालेली टाऊन हॉलची वास्तू हा तर स्वतंत्र धडाच आहे.)

शिक्षकांनी संग्रहालय आधी स्वतः पाहून दोन-तीनच वस्तू निवडाव्यात, मुलांना लहान गटांत न्यावे आणि वहीत चित्र काढण्यासाठी अर्धा तास तरी द्यावा. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयानेही इयत्तेनुसार मराठी प्रश्नपत्रके तयार करून ती सहलींपूर्वीच शाळांकडे पाठवावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

— एक इतिहासप्रेमी पालक, कोल्हापूर