हॅरिसबाई, आमची मतं मोजायची राहिली आहेत

१४ डिसेंबर २०००

माननीय कॅथरीन हॅरिस,
सेक्रेटरी ऑफ स्टेट, फ्लोरिडा राज्य, टॅलाहासी

महोदया,
सविनय नमस्कार.

परवा रात्री दहाच्या सुमाराला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने फ्लोरिडातल्या अध्यक्षपदाच्या मतांची फेरमोजणी कायमची थांबवली आणि काल डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांनी टीव्हीवर येऊन पराभव मान्य केला. आज जो तो सांगतोय, झालं गेलं विसरा. मला विसरता येत नाही, म्हणून हे पत्र, राज्याच्या निवडणुकांच्या प्रमुख म्हणून तुम्हाला. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते आपल्या इथल्या माणसांनीही वाचावं म्हणून.

मी दक्षिण फ्लोरिडात राहते. गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली, त्यामुळे अध्यक्ष निवडण्यासाठी दिलेलं हे माझं पहिलंच मत. ७ नोव्हेंबरला सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर कार्ड यंत्राच्या खाचेत सरकवलं आणि साखळीला बांधलेली सुई माझ्या उमेदवारासमोरच्या भोकात दाबली. खालच्या पदांसाठी दाबली तेव्हा टक् असा स्पष्ट आवाज आला. अध्यक्षपदाच्या जागी मात्र आला नाही. आत आधीच्या मतदारांच्या कार्डांचे तुकडे साचून राहिले असावेत, सुई मऊ जागेत रुतल्यासारखी वाटली. मी पुन्हा दाबली. तिथे बसलेल्या बाईंना विचारलं, 'हे नीट झालंय का बघता का?' त्या म्हणाल्या, 'टाका पेटीत, मागे रांग खोळंबलीय.' मी टाकलं.

नंतर महिनाभर टीव्हीवर तेच पाहिलं. लोंबता चॅड (भोक पाडताना कार्डातून सुटायला हवा तो तुकडा), फुगलेला चॅड, नुसता खळगा पडलेलं कार्ड. ब्रॉवर्ड काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचे, न्यायाधीश डोळे विस्फारून, भिंग लावून एकेक कार्ड उजेडासमोर धरतायत. प्रत्येक कार्ड दिसलं की पोटात गोळा यायचा, हे माझं तर नसेल? यंत्राने माझं मत वाचलं की 'अध्यक्षपदासाठी मत नाही' म्हणून बाजूला सारलं, हे मला आता मरेपर्यंत कळणार नाही. त्या रात्रींची झोप कोण परत देणार आहे? नवरा म्हणतो, एका मताने काय होतं. बाई, साठ लाखांच्या घरात मतदान झालेल्या राज्याचा निकाल तुम्ही रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांच्या बाजूने ५३७ मतांनी जाहीर केलात. आधी फरक १,७८४ होता, मग यंत्राच्या फेरमोजणीत ३०० वर आला, परदेशातून आलेल्या टपाली मतांनी ९३० झाला, शेवटी ५३७. इतका हलणारा आकडा पाहून कुठलाही शाळकरी पोरगासुद्धा म्हणेल, एकदा हातानं नीट मोजा.

आमच्या घरात दोन पक्ष आहेत, हे सांगून टाकते. नवरा रिपब्लिकन म्हणून नोंदलेला, मी डेमोक्रॅट. कर, बंदुका, सरकारने कशात नाक खुपसावं आणि कशात नाही, यावर आमचं गेली कित्येक वर्षं वाजतं. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमातही यंदा दोन तट पडले, फराळाच्या ताटावर लोक हमरीतुमरीवर आले. ते मला चालतं. पक्ष वेगळे असणारच. पण मोजणी कोणत्या पक्षाची असते हो? तुम्ही जॉर्ज बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सह-अध्यक्ष होतात आणि त्याच हाताने त्यांच्या विजयावर सही केलीत. राज्याचे गव्हर्नर जेब बुश हे उमेदवाराचे सख्खे भाऊ. तेसुद्धा निकाल प्रमाणित करणाऱ्या समितीतून बाजूला झाले. तुम्ही का नाही झालात?

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरची मुदत दिली होती. रविवारी कार्यालय उघडं असेल तर संध्याकाळी ५, नाहीतर सोमवारी सकाळी ९. म्हणजे सोळा तास देणं सर्वस्वी तुमच्या हातात होतं. तुम्ही रविवारी कार्यालय उघडलंत. हाताने फेरमोजणी करणाऱ्या पाम बीच काउंटीने सोमवारपर्यंत वेळ मागितला, तुम्ही नाकारला. त्यांची मोजणी सातच्या सुमाराला संपली आणि दोन तास उशीर झाला म्हणून तिथे हाताने मोजलेली मतं हिशेबात धरलीच नाहीत. त्यांनी थँक्सगिव्हिंगला सुट्टी घेतली, तो त्यांचा दोष. त्याची शिक्षा मतदाराला?

नियम म्हणजे नियम, असं नवरा ऐकवतो. मग परदेशातल्या सैनिकांच्या पाकिटांवर टपालाचा शिक्का नव्हता तेव्हा तुमचाच पक्ष म्हणाला, शिक्क्यावर अडून बसू नका, मतदाराचा हेतू पाहा. मलाही तेच म्हणायचंय. सैनिकाचा हेतू पाहा आणि माझाही पाहा. खुद्द बुश यांनी टेक्सासचे गव्हर्नर असताना हाताने फेरमोजणी करू देणाऱ्या कायद्यावर सही केलेली आहे. डेमोक्रॅटांनाही मी सोडत नाही. गोर यांनी फक्त चार काउंट्यांची फेरमोजणी मागितली, आपली मतं जिथे जास्त तिथली. पहिल्या दिवशी सगळ्या ६७ काउंट्या मोजा म्हणाले असते तर आज त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू शकलं नसतं.

आणि डुवाल काउंटी? अध्यक्षपदाच्या उमेदवारांची यादी दोन पानांवर छापली, नमुना पत्रिकेत लिहिलं प्रत्येक पानावर मत द्या, लोकांनी तसं दिलं आणि मतं बाद. सव्वीस-सत्तावीस हजार मतपत्रिका केराच्या टोपलीत, त्यातल्या कितीतरी कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या. पाम बीचमध्ये गोर यांचं नाव डाव्या पानावर दुसरं आणि भोक तिसरं, दुसरं भोक रिफॉर्म पक्षाच्या ब्यूकॅनन यांचं. तिथे १९ हजारांवर कार्डांना दोन-दोन भोकं पडली. काही काउंट्यांत यंत्र चुकलेली मतपत्रिका मतदाराला तिथल्या तिथे परत देतं, दुरुस्त करू देतं. आमच्या नशिबी सुई आणि कार्ड. एकाच राज्यात मताची किंमत पत्त्यावरून ठरते, आणि वर वॉशिंग्टनचं न्यायालय सांगतं की मोजणीची पद्धत सगळीकडे सारखी नाही म्हणून मोजूच नका! ९ तारखेला त्यांनीच मोजणी थांबवली आणि १२ तारखेला म्हणाले, आता वेळ उरला नाही. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स रिपब्लिकन अध्यक्ष फोर्ड यांनी नेमलेले आहेत, तेव्हा हे केवळ हरलेल्यांचं रडगाणं नाही.

माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. दर निवडणुकीला ड्युटी लागायची. त्या दोन दिवसांत गावातल्या पुढाऱ्याच्या घरचा चहासुद्धा ते घेत नसत. मत कोणाला दिलं ते आईलाही कधी सांगितलं नाही. तिथे मारामाऱ्या होतात, बूथ बळकावले जातात, सगळं मान्य. पण निवडणूक आयोग राज्यघटनेने वेगळा ठेवलाय, शेषन यांनी त्याचा धाक भल्याभल्यांना दाखवला, आणि गडबड झालेल्या केंद्रावर फेरमतदान घेतात. उमेदवाराचा प्रचारप्रमुख मोजणीचा प्रमुख होत नाही. जगाला लोकशाही शिकवणाऱ्या देशात हे पद पक्षाच्या तिकिटावर निवडून येतं, प्रत्येक काउंटीची मतपत्रिका वेगळी, यंत्र वेगळं, नियम वेगळा. आणि देशभरात तीन लाखांहून जास्त मतं अधिक मिळवलेला माणूस हरतो, कारण अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांवर. हे सगळंच मुळापासून बदलायला हवं, आणि ते दोन्ही पक्ष करणार नाहीत, कारण आज ना उद्या दोघांनाही ते सोयीचं पडतं.

बुश अध्यक्ष होतील, ते मी मानते. माझं मागणं तुमच्याकडे आहे. ही सुईकार्डाची यंत्रं पुढच्या निवडणुकीआधी काढून टाका. तुमच्या पदावरच्या माणसाला कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारात पद घेता येणार नाही असा कायदा विधिमंडळाकडे मागा. आणि यंत्राने न वाचलेली कार्डं नष्ट होऊ देऊ नका. फ्लोरिडाच्या कायद्याने त्या सार्वजनिक नोंदी आहेत, त्या पाहायचा मला हक्क आहे. माझ्या मतदान केंद्राची कार्डं कुठे ठेवली आहेत आणि ती कधी पाहता येतील, एवढं लेखी कळवा.

आपली,
दक्षिण फ्लोरिडातील एक मतदार