पब्लिशिंगमधे यायचंय तर आत्तापासून काय शिकायचं

प्रिय बाळा,

तुझा मेल वाचला. पीएचडी पूर्ण करणार पण प्राध्यापकीच्या मागे लागणार नाही, युनिव्हर्सिटी प्रेसमधे (विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेत) नाहीतर एखाद्या जर्नलमधे एडिटर व्हायचंय, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. फक्त त्याला तू 'प्लॅन बी' म्हटलंयस ते मला अजिबात पटलं नाही. मी इतकी वर्षं जर्नलचं कॉपीएडिटिंग (भाषा, संदर्भ, तपशील तपासून नीट करणं) आणि नंतर प्रॉडक्शन केलं, ते काम मला आवडायचं म्हणून केलं. आणि मुलाखत घेणाऱ्यांना पाच मिनिटांत कळतं रे, की हा माणूस या कामासाठी आलाय की दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून आलाय. १६६५ साली हेन्री ओल्डेनबर्गने फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स सुरू केलं तेव्हा तो रॉयल सोसायटीचा सेक्रेटरी होता, स्वतः शोध लावणारा नव्हता, देशोदेशीच्या अभ्यासकांची पत्रं मिळवायची, वाचायची, निवडायची आणि छापायची हे त्याचं काम, आणि आजचं प्रत्येक जर्नल त्याच वाटेवरचं आहे.

आता कोर्सचं. पब्लिशिंगचं मास्टर्स देणारी ठिकाणं आहेत, ऑक्सफर्ड ब्रूक्स, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, कॅनडात सायमन फ्रेझर, अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन. पण नुसत्या नावावर जाऊ नकोस, अभ्यासक्रम उघडून बघ, कारण पब्लिशिंग म्हटलं की त्यात कादंबऱ्या, मुलांची पुस्तकं, मासिकं सगळंच येतं, आणि तुला हवंय ते म्हणजे पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या जाणकारांकडून तपासणी), ओपन अ‍ॅक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणं), कॉपीराइट, मेटाडेटा (शीर्षक, लेखक, तारीख अशी लेखाबद्दलची माहिती). त्याला किती जागा दिलीय ते बघायचं. माझं स्पष्ट मत सांगू का, पीएचडीनंतर अजून एक पदवी तुला नको. तुला हवंय ते हातात दुसऱ्याचं मॅन्युस्क्रिप्ट, आल्या दिवसापासून छापून होईपर्यंत. २०१६ मधे मेलन फाउंडेशनच्या पैशातून अमेरिकेतल्या काही युनिव्हर्सिटी प्रेसनी फेलोशिप सुरू केली, या क्षेत्रात जे समाजगट फार कमी दिसतात त्यांच्यातल्या लोकांसाठी, आणि त्यात वर्षभर पगार घेऊन अ‍ॅक्विझिशन्स म्हणजे नवीन पुस्तकं निवडणाऱ्या विभागात बसून काम शिकायला मिळायचं. मला शिकण्याची ही पद्धत कुठल्याही पदवीपेक्षा जास्त आवडते. तुझ्या युनिव्हर्सिटीची प्रेस असेल तर तिथे ग्रॅज्युएट असिस्टंट घेतात का विचार, नसेल तर विभागातलं कोणी ना कोणी एखाद्या जर्नलचं संपादक असतंच, त्यांच्याकडे आठवड्यातले थोडे तास मागून घे.

तिथे गेलास की पहिली गोष्ट दिसेल ती ही, की पुस्तक एकटा एडिटर ठरवत नाही. प्रपोजल येतं, एडिटर वाचतो, पटलं तर विषयातल्या दोन जाणकारांकडे पाठवतो, त्यांचे रिपोर्ट येतात, लेखक त्याला लेखी उत्तर देतो, आणि मग ते सगळं प्राध्यापकांच्या बोर्डापुढे जातं आणि ते हो म्हणतात तेव्हा पुढे. त्या बोर्डापुढे पुस्तकाची बाजू मांडायची म्हणजे काय ते एकदा बसून ऐक, कुठल्याही वर्गात शिकवता येणार नाही असं काम आहे ते.

आणि रिव्ह्यूअरचे, म्हणजे त्या जाणकारांचे, रिपोर्ट. जर्नलच्या लेखांनाही ते असतातच. एक रिव्ह्यूअर लिहितो लगेच छापा, दुसरा लिहितो लेखकाला विषयच कळलेला नाही. आता काय करणार? नवीन माणूस मतं मोजायला जातो किंवा तिसरा रिव्ह्यूअर शोधायला धावतो. कधीकधी तिसरा लागतोच, नाही असं नाही, पण आधी स्वतः पेपर परत वाचायचा, दोघांनी नक्की कशावर बोट ठेवलंय ते बघायचं, कारण पुष्कळदा पहिल्याने निष्कर्ष वाचलेला असतो आणि दुसऱ्याने पुरावा. मग नकार द्यायचा असेल तर तो लिहायचा. बाळा, नकाराचं पत्र लिहिणं हे या कामातलं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे असं मला वाटतं. चांगल्या जर्नलमधे येणाऱ्या लेखांपैकी बहुतेकांना नकारच जातो, म्हणजे तुझं नाव बहुतेक लेखकांना त्या पत्रातूनच कळणार. त्यात निर्णय पहिल्या दोन ओळींत असावा, कारण खरं असावं, आणि लेखकाला पुढे जाऊन वापरता येईल असं निदान एक तरी वाक्य असावं. खोटी आशा लावायची नाही. लोक वर्षानुवर्षं अशी पत्रं जपून ठेवतात, चांगली पण आणि वाईट पण.

पीएचडीचा उपयोग इथेच होतो, तर्क कुठे ढिला पडलाय ते तुला लगेच दिसेल. पण तिथली एक सवय मोडावी लागेल. सेमिनारमधे भोक शोधलं की कौतुक होतं, इथे ते भोक लेखकाला त्याच्याच पद्धतीने बुजवायला मदत करायची असते, तुझा सिद्धांत त्याच्या पुस्तकात घुसवायचा नाही. हे शिकायची उत्तम जागा म्हणजे कॉपीएडिटिंगच्या क्वेरीज, म्हणजे लेखकाला लिहून विचारलेले प्रश्न. 'हे चुकलंय' असं लिहिलंस की लेखक चिडणार. 'पान १२ वर साल १८५७ दिलंय आणि इथे १८५८, कुठलं ठेवू?' असं लिहिलंस की तोच माणूस दहा मिनिटांत तपासून उत्तर देतो. शिकागो मॅन्युअल हे संपादनाच्या नियमांचं पुस्तक १९०६ पासून निघतंय, त्यातले नियम पाठ करत बसू नकोस, पण कुठला नियम कुठे सापडेल हे माहीत हवं.

तांत्रिक बाजूला कमी लेखू नकोस. क्रॉसरेफ ही संस्था २००० पासून डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक देतेय, ऑर्किड म्हणजे संशोधकाचा तसाच क्रमांक २०१२ पासून आहे, जर्नलचे लेख जॅट्स नावाच्या एक्सएमएलमधे, म्हणजे कॉम्प्युटरला वाचता येईल अशा खुणा घातलेल्या साच्यात, जातात, आणि मेटाडेटा चुकला तर उत्तम लेख असूनही कुणाला सापडत नाही. एडिटरच्या जागा थोड्या असतात, प्रॉडक्शन, राइट्स (हक्कांची देवघेव), मेटाडेटा इथूनही माणसं वर जातात, तेव्हा ते दार स्वतःहून लावून घेऊ नकोस. पगार सुरुवातीला कमीच असतो आणि पीएचडी असली तरी एडिटोरियल असिस्टंटपासून सुरुवात करावी लागते बहुतेकदा, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

एक गोष्ट मात्र कुणी शिकवो न शिकवो, स्वतः शीक. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने १९९८ मधे लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरचा पेपर छापला आणि पूर्ण मागे घेतला २०१० मधे. मधल्या बारा वर्षांत किती आईबापांनी घाबरून मुलांना लस दिली नसेल, मला आजही त्याचा विचार आला की त्रास होतो. २०२० मधे कोविडचे दोन पेपर, एक लॅन्सेटमधला आणि एक न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला, जूनमधे एकाच दिवशी मागे घेतले गेले कारण सर्जिस्फियर नावाच्या कंपनीचा मूळ डेटा कुणाला तपासताच आला नाही. आणि २०२३ मधे वायली या प्रकाशन कंपनीला तिच्या हिंदावी या शाखेच्या जर्नल्समधले आठ हजारांहून जास्त लेख मागे घ्यावे लागले, त्यातले बरेच स्पेशल इश्यूमधून, म्हणजे पाहुण्या संपादकांकडे सोपवलेल्या खास अंकांतून, घुसलेले. म्हणजे आता एडिटरला बनावट रिव्ह्यूअर, विकत घेतलेलं लेखकपद, फेरफार केलेली चित्रं हे सगळं ओळखता यायला हवं. १९९७ मधे सुरू झालेल्या कोप या, प्रकाशनातल्या नैतिकतेबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या, संस्थेचे फ्लोचार्ट फुकट मिळतात, शंका आली तर कुणाला आधी विचारायचं, लेखकाला काय लिहायचं, त्याच्या संस्थेकडे कधी जायचं, पायरी पायरीने दिलंय. एक एक घेऊन बस आणि त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं ते लिहून काढ.

गाइडला हे सगळं सांगून टाक, लपवू नकोस. त्यांच्याकडे रिव्ह्यूला पेपर येतात, एखादा बरोबरीने करू का विचार, पण जर्नलच्या संपादकाला कळवून आणि तुझं नाव देऊन, गुपचूप नाही, आणि तो पेपर कुणालाच दाखवायचा नसतो, मलाही नाही. त्याऐवजी एखाद्या मैत्रिणीचं प्रकरण तिला विचारून कॉपीएडिट कर आणि तुझ्या क्वेरीज मला पाठव, म्हणजे मी प्रत्येकीपुढे लिहीन की ही लेखकाला पाठवली असती का आणि नसती तर का नाही.

तुझी,
आई