हर्निया नव्हता रे

यळ्ळूर, 12 जुलै

बाळू,

मी बरा, तुझी वहिनी बरी, पाऊस बरा. हे झालं घरच्यांसाठी.

फेब्रुवारीत फोनवर हर्निया म्हणालो, ते खोटं होतं. कॅन्सर होता. कुठं, ते लिहिताना तीन कागद फाडले. लघवीच्या जागी. पुढचा भाग काढला, मग महिन्याभरानं दोन्ही जांघांतल्या गाठीही.

कातडी मागं सरत नव्हती ती कैक वर्षांची. आत फोड दिसला, खरं दाखवायचं कुणाला? आठ महिने मेडिकलमधलं मलम चोळलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, "एवढे दिवस काय केलंत?" आणि मग, "तंबाखू?" निपाणीची पहिली पुडी कुणी हातावर ठेवली, तुला ठाऊक आहे. दोष देत नाही. थोडा देतो.

एक गंमत ऐक. सहीचा कागद कन्नडात. मी नेहमीप्रमाणं मराठीतून द्या म्हणून अडून बसलो. सिस्टर गोकाककडची, बिचारी वाचून सांगायला लागली आणि एका शब्दाशी लाजून थांबली. शिश्न. मर्दा, कन्नडातही शिश्नच! 1956 पासून भांडतोय, एकमत झालं ते यावर. केली सही.

ऑपरेशनचं दुखणं सोसलं. जांघेतल्या नळ्यांतून पाणी दिवसाला 30 मिलीच्या खाली येईना म्हणून त्या एकोणीस दिवस राहिल्या, एका बाजूचे टाके उसवले, तेही सोसलं. आता घोर आहे तो धारेचा. शाळेच्या मागची भिंत आठवते? तू अजून म्हणतोस मी दगडावर उभा होतो. नव्हतो. तुझाच नेम वाईट. तर तो भिंतीपलीकडं पोचणारा गडी आता बसून करतो. उभं राहिलं की धारेला तीन फाटे फुटतात, एक हमखास पायजम्यावर. त्यात भोक आवळत चाललंय. रोज रात्री 14 नंबरची नळी जेली लावून दोन बोटं आत सरकवायची, क्षणभर धरायची, काढायची. परवा लाईट गेली. बत्तीस वर्षं आम्ही दिवा मालवायचो, आणि आता वहिनी टॉर्च धरून म्हणते, "हलू नका हो." मला हसू आलं, तिला नाही आलं.

शुभाचं जमलं हे कळलं, बरं वाटलं. पोरगा कुठला ते लिही. बीपीची गोळी चुकवू नकोस.

पाय तर वेगळीच कटकट. गाठी गेल्यामुळं पाणी वर चढत नाही, संध्याकाळी डावा पाय दुधीसारखा होतो. घट्ट मोजा घालतो. गेल्या महिन्यात बांधावर काटा लागला आणि रात्रीत पाय लालबुंद, ताप, चार दिवस सलाईन. डॉक्टरांनी चिखलात अनवाणी उतरायला बंदी घातली. आता रोप लावणी चालू आहे, बासमतीचं वाफं भरलंय, आणि मी बांधावर खुर्ची टाकून साहेबासारखा. पोरगा विचारतो, "हर्नियानं पाय सुजतो होय?" काय सांगू?

नळीनं भागलं नाही तर तोंड मोठं करायचं छोटं ऑपरेशन, असं म्हणालेत. नाहीच भागलं. 28 ला बोलावलंय. सोबत माणूस पाहिजे, फाइल त्याच्या हातात असते. पोरगं आलं तर वाचणार. वहिनीला कागद कळत नाहीत, तिला तिथं एकटीला बसवणं मला जमणार नाही. तू ये. तू वाच सगळं, खुशाल हस, आणि बाहेर येऊन पोराला हर्निया सांग. मागनं मीच सांगेन त्याला, माझ्या सवडीनं.

फोन करू नकोस, तो पोराकडंच असतो. रात्रीची गाडी पकड, पहाटे पोचशील. स्टँडवर न्यायला येणार नाही, गाडीच्या सीटवर बसवत नाही अजून. रिक्षा कर.

तुझा,
आप्पा